थापेतल्या प्राण्यालाही पोट असतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलांच्या निसर्ग शिबिरात सांगण्यासाठी एक विनोदी, अस्तित्वातच नसलेला प्राणी रचायचा आहे. नाव सुचतं, रूप सुचतं, चित्रंही काढून झाली. पण सवयी लिहायला बसलं की सगळं फुसकं वाटतं. आणि मनात एक धाकधूक आहे, की ही मुलांची फसवणूक तर होणार नाही? मी बरीच वर्षं शिबिरं घेतो आणि खऱ्या पाखरांच्या जोडीने खोटे प्राणीही मुलांना ‘दाखवत’ आलो आहे. त्या कामाच्या आधारावर उत्तर देतो. जरा लांबेल.

आधी तुमच्या चित्रांबद्दल. तीन डोळे, निळी आयाळ, पाठीवर पंख, शेपटीच्या टोकाला दिवा. हे सगळं रूप झालं. रूप बघून मूल एकदा हसतं आणि पुढच्या चित्राकडे वळतं. सवयीचं तसं नाही. सवय सांगितली की मुलांना प्रश्न पडतात: मग तो झोपतो कसा? पाऊस आला तर? त्याची पिल्लं पण तशीच का? हे प्रश्न सुरू झाले, की तुमचा प्राणी जिवंत झाला म्हणून समजा. पण प्रश्नांना उत्तरं तेव्हाच देता येतात जेव्हा प्राण्यात थाप एकच असते. तीन डोळे, पंख आणि दिवा या तीन थापा आहेत, आणि तिन्ही एकमेकींना ओळखत नाहीत. म्हणून माझा पहिला आणि जवळजवळ एकमेव नियम: एका प्राण्यामागे एकच थाप, आणि ती थाप एकदा मान्य केली की पुढचा सगळा हिशेब निसर्गाच्या नियमाने चोख.

याचा सगळ्यात सुरेख नमुना म्हणजे उतारावरचा प्राणी. फ्रान्समध्ये आल्प्सच्या बाजूला त्याला दाहू म्हणतात, अमेरिकेत साइडहिल गाउजर, आणि स्कॉटलंडमध्ये रानटी हॅगिस. हॅगिस हा खरं तर मेंढीचं काळीज, फुप्फुस वगैरे ओटमील घालून शिजवलेला पदार्थ. पण डोंगरात हिंडणाऱ्या एका केसाळ जनावराची शिकार करून तो मिळवतात, असं पाहुण्याला गंभीर चेहऱ्याने सांगायची तिथे पद्धत आहे. तिन्ही देशांत थाप तीच: या प्राण्याच्या एका बाजूचे पाय लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड असतात, त्यामुळे तो डोंगराच्या उतारावर सरळ उभा राहू शकतो. बस्स, एवढंच. यापुढे सांगणाऱ्याने नवीन काही जोडलेलं नाही, नुसता हिशेब केला आहे.

तो हिशेब बघा. डावे पाय आखूड असतील तर डोंगर कायम डाव्या हाताला हवा, म्हणजे प्राणी डोंगराभोवती एकाच दिशेने फिरणार. उजवे आखूड असलेले उलट दिशेने फिरणार. झाल्या दोन जाती. आता या दोघांची गाठ पडते ती नेहमी समोरासमोर. जोडी जमायची तर एकाला वळावं लागणार. वळला की लांब पाय डोंगराकडे, आखूड दरीकडे, आणि नवरदेव गडगडत पायथ्याशी. म्हणून यांची संख्या वाढत नाही. शिकारीची रीतही याच थापेतून आपोआप निघते. मागून दबकत जायचं आणि शीळ घालायची. प्राणी दचकून मागे वळतो आणि घरंगळतो. जोडीदाराने खाली पोतं उघडून उभं राहायचं. फिरायची दिशा, विणीचा प्रश्न, शिकारीची रीत, दुर्मीळपणाचं कारण असं सगळं चार पायांच्या लांबीतून आलं. असा हिशेब जुळलेला प्राणी कोणीही पुढे नेऊ शकतो, त्यासाठी मूळ सांगणारा लागत नाही. तो तीन देशांत टिकून राहिला तो यामुळेच, असं माझं मत आहे.

ही कल्पना किती जुनी आहे तेही सांगून टाकतो. १६४६ मध्ये थॉमस ब्राउन या इंग्रज डॉक्टराने लोकांच्या चुकीच्या समजुती तपासणारा एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात बॅजर या खऱ्याखुऱ्या प्राण्याचे एका बाजूचे पाय आखूड असतात, ही समजूत खोडण्यासाठी त्याने एक प्रकरण खर्च केलं आहे. चौकशी करूनही असा फरक त्याला आढळला नाही, आणि निसर्गाच्या रीतीत अशी रचना बसत नाही, असं तो म्हणतो. म्हणजे आज ज्यावर हसतो ते तेव्हा लोक खरं धरून चालले होते. आणि आज तरी सगळे हसतात असं कुठे आहे? २००३ मध्ये हॅगिस बनवणाऱ्या एका कंपनीने एक हजार अमेरिकन पर्यटकांची पाहणी केली, तर एक तृतीयांश जणांना हॅगिस हा प्राणीच वाटत होता.

दुसरी गोष्ट नेमकेपणाची. ‘तो काहीही खातो’ हे वाक्य तुमच्या मसुद्यात असेल तर आधी ते काढा. काहीही खाणारा प्राणी कोणाच्या लक्षात राहत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या ऱ्हाइनलँडर गावी युजीन शेपर्ड नावाच्या एका अवलियाने १८९३ मध्ये होडॅग नावाचं एक भयंकर शिंगवालं जनावर सापडल्याची आवई उठवली. त्या होडॅगचं खाद्य काय? फक्त पांढरे बुलडॉग, आणि तेही फक्त रविवारी. ‘पांढरे’ आणि ‘रविवारी’ या दोन शब्दांत सगळी गंमत आहे. खाद्य इतकं नेमकं असेल तर सांगणाऱ्याने ते मुद्दाम तपासलं असणार, असं ऐकणाऱ्याला वाटू लागतं. १८९६ मध्ये शेपर्डने जिवंत होडॅग पकडल्याचं जाहीर करून जत्रेत अंधाऱ्या तंबूत पैसे घेऊन दाखवलासुद्धा. आत लाकूड आणि बैलाचं कातडं होतं, हालचाल तारा ओढून केलेली. मोठ्या संस्थेचे शास्त्रज्ञ तपासायला येणार अशी कुणकुण लागली तेव्हा त्याने निमूटपणे कबूल करून टाकलं. गावाने मात्र होडॅगला सोडलं नाही. तो आजही त्या गावाचं मानचिन्ह आहे.

आता मुख्य प्रश्न: थाप आणायची कुठून? कागद घेऊन ‘काहीतरी विचित्र’ सुचायची वाट पाहत बसलात तर शेपटीला दिवाच सुचेल. जगातले चांगले थापाडे प्राणी एखाद्या खऱ्या त्रासातून जन्मले आहेत. जंगलात महिनोन् महिने राहणाऱ्या अमेरिकन लाकूडतोड्यांनी असे डझनावारी प्राणी उभे केले, आणि १९१० मध्ये विल्यम कॉक्स या वनाधिकाऱ्याने त्यांतले बरेच छापून ठेवले. कुऱ्हाडीचे दांडे तळावरून गायब होतात? मग दांडे खाऊन जगणारा एक लांबुडका कुत्रा असतो. जंगलात वीज न पडताही मोठं झाड फुटलेलं दिसतं? मग ते डोक्याने झाडं फोडत हिंडणारं एक मांजर आहे. आपल्या मागे कोणीतरी आहे असं रानात सारखं वाटतं, वळून पाहिलं तर कोणी नसतं? मग त्याचं नावच ‘मागे लपणारा’. तुम्ही वळलात की तोही वळतो, म्हणून आजवर कोणी पाहिलेला नाही. पुरावा नसणं हाच पुरावा, अशी ही अफलातून तजवीज आहे. मुलांना ती फार आवडते.

याच कुळातला माझा लाडका म्हणजे स्क्वाँक. पेनसिल्व्हेनियाच्या हेमलॉक वृक्षांच्या रानात राहतो, अंगावर चामखिळी, कातडी सैल आणि बेढब. आपण किती कुरूप आहोत याची त्याला जाणीव आहे, म्हणून तो सतत रडतो. चांदण्या रात्री अश्रूंच्या ओल्या रेषेवरून त्याचा माग काढता येतो. एकाने म्हणे त्याला पोत्यात घातला आणि खांद्यावर टाकून निघाला. वाटेत पोतं अचानक हलकं झालं. उघडून पाहतो तर आत नुसतं पाणी आणि बुडबुडे. त्याचं शास्त्रीय नाव लॅक्रिमाकॉर्पस डिसॉल्व्हेन्स, म्हणजे अंगभर अश्रू आणि विरघळणारा. थाप इथेही एकच आहे, पण ती शरीराची नाही, स्वभावाची. ही वाट अवघड आहे, आणि जमली तर सगळ्यांत उत्तम.

तुम्हाला प्रत्यक्ष करून दाखवतो. शिबिरातला खरा त्रास कोणता? चढावर दमलेली मुलं विचारतात, “अजून किती?” आणि वाटाड्या म्हणतो, “आलंच आता.” अर्धा तास झाला तरी ‘आलंच’ चालू असतं. उतरताना मात्र तीच वाट भर्रकन संपते. परतीचा प्रवास छोटा वाटतो हा अनुभव मानसशास्त्रज्ञांनीही प्रयोग करून तपासला आहे, म्हणजे पाया पक्का आहे. आता एकच थाप: वाट खरोखरच लांब होते, कारण तिला कोणीतरी ताणतं. त्याचं नाव वाटताण्या. बाकीचा हिशेब असा लिहिला:

‘वाटताण्या हा डोंगरी पायवाटांवर राहणारा मांजराएवढा सस्तन प्राणी आहे. पाठ मातीच्या रंगाची, पोट जरा वेगळ्या मातीच्या रंगाचं. पुढचे पंजे रुंद आणि पकडीचे, मागचे पाय जमिनीत रोवता येतील असे टोकदार. वळणाच्या पलीकडे बसून तो पुढच्या पंज्यांनी वाटेची कड धरतो आणि मागे रेलून ओढतो. पूर्ण वाढलेला नर एका दुपारीत वाट दीडपट लांब करतो. ताणल्यामुळे वाट पातळ होते आणि खालचे दगड व झाडांची मुळं वर दिसू लागतात. जाणकार यावरूनच वाटताण्याचा वावर ओळखतात. खाद्य: बिस्किटांचा चुरा. वाट लांबली की माणसं दमतात, दमली की बसतात, बसली की खातात आणि खाल्लं की सांडतं. उतरणारी माणसं बसत नाहीत, म्हणून उतारावर ओढायचे कष्ट तो घेत नाही. हाक: “आलंच... आलंच...”, विशेषतः दुपारी तीननंतर. विणीच्या हंगामात दोन नर एकाच वाटेची दोन टोकं धरून ओढतात आणि मादी मधोमध बसून पाहते. जो जिंकेल त्याच्याकडे ती चालत निघते. पण वाट ताणलेली असल्यामुळे पोचायला तिला फार उशीर होतो, त्यामुळे पिल्लं थोडी. नैसर्गिक शत्रू: डबा थेट माथ्यावर जाऊनच उघडणारी माणसं.’

यात काय काय आलं ते पाहा. तो वाट का ताणतो याला कारण आहे, आणि ते कारण पोटाचं आहे. निव्वळ खोडी म्हणून ताणतो असं लिहिलं असतं तर ती भुताची गोष्ट झाली असती. प्राणी खोडी करत नाही, पोट भरतो. मुळं आणि दगड हा मागोवा आहे, आणि तो मुलांना वाटेवर खरोखर दिसतो. मादीला पोचायला उशीर होतो हा विनोद मी शोधायला गेलो नव्हतो. वाट ताणली जाते हे एकदा मान्य केल्यावर ती कोणासाठी लांब होईल, असं स्वतःलाच विचारलं आणि तो निघाला. तुमचंही असंच होईल. सवयी सुचत नाहीत कारण तुम्ही त्या सुचवायला बसता. त्याऐवजी प्राण्याला अडचणीत टाका: पाऊस, पिल्लं, म्हातारपण, सपाट जमीन. अडचणीतून तो कसा सुटेल एवढंच लिहा.

हाकेबद्दल एक सूचना. आपल्याकडे पावशाच्या ओरडण्यात ‘पेर्ते व्हा’ ऐकायची जुनी सवय आहे. पक्षी त्याच्या पद्धतीने ओरडतो, शब्द आपण घालतो. खोट्या प्राण्याला हाक देताना याच रीतीचा फायदा घ्या. रानात दूरवर कसला ना कसला आवाज येतच असतो. मुलं पुढचं सगळं स्वतः ऐकतात.

भाषा पक्षिनिरीक्षणाच्या पुस्तकातली ठेवा. आकार, रंग, आढळ, खाद्य, वीण या क्रमाने, कोरडेपणाने. उद्गारचिन्ह नको, ‘गंमत म्हणजे’ नको. सांगणाराच हसला की संपलं. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमने ड्रॉप बेअर या प्राण्याची माहिती आपल्या इतर प्राण्यांच्या माहितीसारखीच दिली आहे. हा म्हणजे झाडावरून माणसाच्या डोक्यावर उडी टाकणारा, कोआलाचा मांसाहारी चुलतभाऊ. वजन सुमारे १२० किलो, झेप आठ मीटरपर्यंत, नाव थायलार्क्टॉस प्लमेटस. २०१२ मध्ये तर भूगोलाच्या एका ऑस्ट्रेलियन शोधनियतकालिकात उपग्रहांच्या मदतीने ड्रॉप बेअरचा माग काढण्यावर एक लेख छापून आला. जर्मनीत यावर कडी झाली. लोरिओ या विनोदवीराने १९७६ मध्ये दगड खाणारी ऊ टीव्हीवर दाखवली होती. १९८३ पासून ती एका प्रतिष्ठित वैद्यकीय शब्दकोशात रीतसर नोंद म्हणून विराजमान झाली. पुढे एका आवृत्तीतून संपादकांनी तिला वगळलं, तर वाचकांनी गिल्ला केला आणि तिला परत घ्यावं लागलं. नाकावर चालणाऱ्या सस्तन प्राण्यांचं एक अख्खं कुळ गेरॉल्फ श्टायनर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने टोपणनावाने लिहून काढलं, शरीररचनेच्या आकृत्यांसकट. ते ज्या बेटांवर राहत होते ती अणुचाचणीत बुडाली, त्यामुळे नमुना पाहायला मिळणार नाही. या मंडळींच्या विनोदाला धार आहे ती विषय पक्का माहीत असल्यामुळे. नाकावर चालायचं तर नाकात कोणते स्नायू लागतील हे ज्याला कळतं, त्यालाच ते नाक लिहिता येतं.

आणि म्हणून, लिहिण्याआधी खरे प्राणी नीट वाचून घ्या. नाहीतर तुम्ही मोठ्या हौसेने काहीतरी अचाट रचाल आणि वर्गातली एखादी चुणचुणीत मुलगी सांगेल की असा प्राणी आहेच. चौकोनी लेंड्या टाकणारा प्राणी? वोम्बॅट. डोळ्यांतून रक्ताची पिचकारी मारणारा? अमेरिकेतला शिंगवाला सरडा. स्वतःचं हाड मोडून त्याची नखं करणारा बेडूक? आफ्रिकेत आहे. प्लॅटिपसचं वाळवलेलं कातडं १७९९ मध्ये इंग्लंडात प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांच्यासमोर आलं, तेव्हा बदकाची चोच कोणीतरी शिवून लावली असावी अशी शंका त्यांना आली होती. निसर्गाशी विचित्रपणात स्पर्धा करू नका, हराल.

शेपूट तोंडात धरून चाकासारखा गडगडत पाठलाग करणारा साप ही अमेरिकेतली दोन-अडीचशे वर्षांची प्रसिद्ध थाप. तो अंगावर आला की झाडामागे व्हायचं. शेपटीचा डंख झाडाला बसतो आणि झाड सुजून मरतं. यावर पिढ्यान्पिढ्या लोक हसले. आणि २०२३ मध्ये मलेशियातल्या एका छोट्या सापाबद्दल शास्त्रज्ञांनी सचित्र निबंध प्रसिद्ध केला: हा साप घाबरला की शरीराचा वेटोळा फेकत, कोलांट्या मारत उतारावरून पळतो. शेपूट तोंडात धरत नाही, पाठलाग तर अजिबात करत नाही. पण गडगडतो खरा.

सशाच्या शिंगांची गोष्ट तर याहून मजेची. आपल्या तर्कशास्त्रात जे कधीच असू शकत नाही त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे शशशृंग. अमेरिकेत वायोमिंग राज्यातल्या डग्लस गावी डग्लस हेरिक आणि त्याच्या भावाने १९३० च्या दशकात हेच शशशृंग तयार करून भिंतीवर टांगलं. दोघं पेंढा भरायची विद्या टपालाने शिकले होते. शिकारीहून आल्यावर मेलेला ससा जमिनीवर टाकला, तो घसरत जाऊन हरणाच्या शिंगांपाशी थांबला, आणि एकाला कल्पना सुचली. तो पहिला जॅकलोप गावातल्या हॉटेलवाल्याने दहा डॉलरला घेतला. हा प्राणी शेकोटीभोवती गाणाऱ्या गुराख्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो असं सांगतात. गाव त्याच्या शिकारीचा परवाना देतं, आणि परवान्याचा दिवस एकच, ३१ जून, मध्यरात्रीपासून दोन तास. (जूनला दिवस तीसच असतात हे मुलांना सांगू नका, त्यांना बोटांच्या पेरांवर मोजू द्या.) पण याच सुमारास, १९३३ मध्ये, रिचर्ड शोप या संशोधकाने सशांच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती उगवणाऱ्या शिंगांसारख्या गाठींमागे एक विषाणू असल्याचं दाखवून दिलं. विषाणूंमुळे सस्तन प्राण्यांत गाठी होऊ शकतात हे समजायला त्या कामाचा मोठा उपयोग झाला. युरोपातल्या जुन्या प्राणिग्रंथांत शिंगवाल्या सशांची चित्रं सापडतात, ती अशा आजारी सशांवरून काढली असावीत असं आता बऱ्याच जणांना वाटतं. मोठ्या मुलांच्या गटात मी हा किस्सा थापेच्या उलगड्यानंतर सांगतो. शशशृंगापासून विषाणूपर्यंत पोचल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आता तुमच्या धाकधुकीकडे येतो. फसवणूक होते का? होते. पण फसवणुकीचे प्रकार आहेत. ऑस्ट्रेलियात ड्रॉप बेअरपासून वाचायला कानामागे व्हेजिमाइट हा खारट काळा लेप लावा किंवा केसांत काटे-चमचे खोचा, असा सल्ला पाहुण्याला देतात. पाहुणा तसं करतो, सगळे मिशीतल्या मिशीत हसतात, संध्याकाळपर्यंत त्याला कळतं, आणि पुढच्या पाहुण्याला शेंडी लावायला तोच पुढे असतो. याला मी चांगली थाप म्हणतो. फसलेल्याला पुढे फसवणाऱ्यांच्या टोळीत प्रवेश मिळाला पाहिजे. याउलट अमेरिकन शिबिरांतला एक जुना खेळ आहे: नवख्या मुलाला रात्री पोतं देऊन ‘स्नाइप’ पकडायला रानात उभं करायचं आणि बाकीच्यांनी तंबूत परतायचं. स्नाइप हा तसा खरा पाणथळीतला पक्षी, पण या खेळात त्याचं काही काम नसतं. हा प्रकार मला मुळीच मान्य नाही. अंधारात एकटं पडलेलं मूल त्या टोळीत कधीच येत नाही. वाटताण्या दिवसा सांगा, सगळ्यांना एकदम सांगा, आणि शिबिर संपायच्या आत उलगडा करा.

एक रेघ मात्र मी ओलांडत नाही: खऱ्या प्राण्याच्या अंगाला खोटी सवय चिकटवायची नाही. चकोर चांदण्यावर जगतो, हंस दूध आणि पाणी वेगळं करतो, या कवींच्या कल्पनांनी कोणा पक्ष्याचं वाईट झालं नाही. पण साप गाईच्या सडाला लागून दूध पितो, डूख धरतो, या समजुतींनी किती साप मेले असतील त्याला गणती नाही. दूध ओढून घ्यायला लागणारे मऊ ओठ आणि गालच सापाला नसतात. तरी अमेरिकेतल्या एका निरुपद्रवी सापाला याच समजुतीवरून ‘दूधसाप’ हे नाव चिकटलं आहे. मादागास्करमधला आय-आय हा निशाचर प्राणी अपशकुनी ठरवून ठार मारला गेला आहे. मुलांच्या डोक्यात ‘शिबिरातल्या दादांनी सांगितलं’ म्हणून गेलेली गोष्ट फार खोल जाते. म्हणून घुबडाची मान, वटवाघळाचे डोळे, सापाची जीभ यांबद्दल फक्त खरं तेच सांगा. थाप मारायला प्राणी सबंध आपलाच हवा.

उलगडा करताना ‘फसलात!’ म्हणून टाळ्या वाजवू नका. तपास करायला लावा. अमेरिकेत १९९८ मध्ये झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसचं एक संकेतस्थळ कोणीतरी गमतीने काढलं. पावसाळी जंगलात राहणारा, फांद्यांवरून लोंबकळत जाणारा, दुर्मीळ. २००६ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी सातवीतल्या, वाचनात हुशार समजल्या जाणाऱ्या २५ मुलांना ते दाखवलं, तर जवळपास सगळ्यांनी ते विश्वासार्ह ठरवलं. मुलं मठ्ठ होती म्हणून नव्हे. पानावर चित्र होतं, शास्त्रीय नाव होतं, प्राणी वाचवा असं आवाहन होतं, आणि शंका घ्यायची असते हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. वाटताण्याचा उलगडा करताना मी मुलांनाच विचारतो: याचा सांगाडा कुठे आहे? लेंडी कोणी पाहिली? माणसं डोंगरात बिस्किटं घेऊन यायच्या आधी तो काय खात होता? हा शेवटचा प्रश्न सहसा एखादं मूलच विचारतं, आणि तिथे वाटताण्या कोसळतो. कोसळू द्या. तुमच्या प्राण्यातही असा एक कच्चा दुवा मुद्दाम ठेवा, जरा शोधल्यावर हाताला लागेल असा.

उलगड्याच्या आधी एखादं मूल छातीठोकपणे सांगेल, “दादा, मला दिसला!” त्याला खोटारडा म्हणू नका आणि ‘हो का, वा’ म्हणून वाटेलाही लावू नका. वही काढा. कुठल्या वळणावर? किती वाजता? तोंड कुठल्या दिशेला होतं, ओढत होता की बसला होता? ते शपथेवर सांगेल की त्याला झुपकेदार शेपूट होती. मग विचारा, ओढताना शेपटीचं काय करतो? थोडा विचार करून ते म्हणेल, “मागच्या दगडाला गुंडाळून ठेवतो, घसरू नये म्हणून.” हे माझ्या नोंदीत नव्हतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं आहे. लिहून घ्या, खाली त्या मुलाचं नाव घाला. दुसरं कोणी म्हणेल, तो उडत होता. त्यालाही तितक्याच गंभीरपणे विचारायचं: उडता येत असेल तर वाट ताणत कशाला बसेल, बिस्किटं थेट पिशवीतूनच नाही का पळवणार?